एकाच दोऱ्याची दोन पदकं

मी एक पदक बोलतोय. मला हातात घेतलंत की तुम्ही आधी माझा चेहरा बघता, मग पाठ. एका बाजूला मुकुट घातलेलं डोकं, दुसऱ्या बाजूला बर्फाचा डोंगर. छान आहे, म्हणता आणि खाली ठेवता. माझी कड कुणी वाचत नाही, आणि माझं सगळं आयुष्य तर तिथेच लिहिलेलं आहे.

माझा जन्म टांकसाळीत झाला. चांदीची साधी चकती होतो. साच्याचा एक घाव बसला आणि अंगावर डोंगर उभा राहिला. माझ्याबरोबर असंख्य भावंडं जन्मली. आम्ही इतके सारखे दिसायचो की आम्हालाच आम्ही ओळखू येत नव्हतो. मग एका कारागिराने प्रत्येकाच्या कडेवर एकेक अक्षर ठोकत ओळख कोरली. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. माझ्या कडेवर एका शिपायाचं नाव आलं, शेजारच्या भावाच्या कडेवर त्याच पलटणीतल्या स्वयंपाक्याचं. दोघे भरतीच्या रांगेत मागेपुढे उभे होते म्हणून त्यांचे क्रमांक लागोपाठचे. शेवटचं अक्षर उमटलं तेव्हा मी शहारलो. आता मी नुसती चांदी नव्हतो, एका माणसाचा होतो!

तो माणूस मला कधी मिळालाच नाही.

समारंभाच्या आधी आम्ही पलटणीच्या शिंप्याकडे गेलो. त्याने आम्हाला फितीत ओवलं आणि मेण लावलेल्या हिरव्या दोऱ्याने मागून आडवेतिडवे टाके घातले. त्याचे टाके नेहमी तसेच असत, दोन सरळ आणि एक तिरका. टेबलावर कोटांचा ढीग होता आणि बाहेरून कुणीतरी सारखं ओरडत होतं, "उरक रे बाबा, उरक!" त्या घाईत त्याने मला स्वयंपाक्याच्या कोटावर लावलं आणि माझ्या भावाला शिपायाच्या. मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो. पण पुढून आम्ही सारखेच. आणि स्वतःच्या छातीवरच्या पदकाची कड कोण वाचतं?

असा मी स्वयंपाक्याच्या घरी आलो. तो सांगायचा, "पाठीवर गरम डाळीचं पातेलं बांधून डोंगर चढलो. वरून गोळ्या, खालून बर्फ. पण पोरं उपाशी होती ना!" गल्लीतले लोक हसायचे. त्यांनी त्याचं नाव ठेवलं पळीसाहेब. "काय पळीसाहेब, शत्रूला फोडणी दिलीत की नाही?" तोही त्यांच्यात हसायचा. हसायची नाही ती फक्त त्याची धाकटी लेक. ती मला मुठीत धरून बसायची.

पळीसाहेब गेल्यावर तिने मला बटणांच्या डब्यात ठेवलं. दरवर्षी त्याच्या जाण्याच्या दिवशी ती मला दातांच्या पावडरीने घासायची. मुकुटाखालचं नाक झिजलं, डोंगर बुटका झाला. कडेवरची अक्षरं तिला नक्षी वाटायची. मला राग येत नसे. इतकी माया मी टांकसाळीत कुठे पाहिली होती?

लेक आता औषधांच्या दुकानात काम करणारी पोक्त ताई झाली आहे. घर बदलताना तिच्या थोरल्या भावाच्या हाती मी लागलो.

"हा पळीसाहेबांचा बिल्ला अजून आहे होय? बाजारातून आणला असणार बाबांनी. थापा मारायला काहीतरी पुरावा नको?"

"दादा, तोंड सांभाळ. जाणत्या माणसाला दाखवते. मग तुझी बोलती बंद."

जाणती म्हणजे सायकलींच्या दुकानावरच्या खोलीत बसणारी पारखीणबाई. गळ्यात भिंग आणि जिभेवर मिरची. मला बघताच तिने कपाळाला हात लावला. "अगं ताई, चांदी घासलीस की इतिहास? पुन्हा हात लावशील तर बघ!"

मग तिने माझी जाडी आणि रुंदी मापली. "कड तासलेली नाही. लबाड लोक जुनं नाव तासून नवं ठोकतात, तेव्हा पदक बारीक भरतं. हे अस्सल आहे." ताईचा चेहरा उजळला. बाईने दिवा तिरका धरला. इतक्या वर्षांची ती दातांची पावडर अक्षरांच्या खाचांत सुकून बसली होती, आणि तिच्यामुळेच झिजलेलं नाव पांढरं होऊन वर आलं. बाईने ते वाचलं, पुन्हा वाचलं.

"वडिलांचं नाव काय म्हणालीस?"

ताईने सांगितलं.

"पदक खरं आहे गं. पण त्यांचं नाही."

ताई खुर्चीत बसली. "म्हणजे बाबा... दादा म्हणतो तसेच?"

"कुणाचं ते पदक सांगतं. तुझ्या घरी कसं आलं, ते मला शोधू दे."

बाईने पलटणीच्या माजी सैनिकांच्या संघात फोन लावला. तिथल्या म्हाताऱ्या हवालदाराला शिपाई आठवला. तो कधीच गेला होता, पण त्याचा मुलगा घड्याळं दुरुस्त करत होता.

तो आला त्या दिवशी दादाही आला, तमाशा बघायला. घड्याळवाल्याने रुमालाची गाठ सोडली आणि मी थक्क झालो. माझा भाऊ! काळवंडलेला, पण अक्षर न् अक्षर धारदार.

"मी कधी बाहेर काढलं नाही हे," घड्याळवाला खाली बघत म्हणाला. "घड्याळांच्या नादात लहानपणापासून माझ्या डोळ्याला भिंग. तेव्हाच कड वाचली, परक्याचं नाव. वाटलं, वडिलांनी कुणा मेलेल्याच्या छातीवरून काढलं. त्यांना विचारायचा धीरच झाला नाही."

पारखीणबाईने आम्हा दोघांना पालथं घातलं. मेणाचा हिरवा दोरा. दोन सरळ, एक तिरका. दोन सरळ, एक तिरका.

"एकच शिंपी," ती हळूच म्हणाली. "क्रमांक लागोपाठचे. त्याने अदलाबदल केली, आणि दोन पोरांनी आपापल्या बापावर संशय घेत जन्म काढला."

घड्याळवाल्याने रुमालात तोंड लपवलं. ताईने माझ्या भावाची कड दादासमोर धरली. "वाच."

दादाने क्रमांक वाचला, हुद्दा वाचला. स्वयंपाकी. नाव वाचलं आणि पदक कपाळाला लावलं. "पळीसाहेब," तो म्हणाला, "चुकलो हो."

मग ताई बाईला म्हणाली, "पदकं बदला. पण फीत बाबांनी घातलेलीच हवी."

मला हात लावला म्हणून खेकसणारी ती बाई! तिनेच कात्री उचलली. "जुने टाके उसवले की किंमत जाते," ती म्हणाली. "गेली खड्ड्यात."

आता मी घड्याळवाल्याच्या काचेच्या कपाटात, माझ्या शिपायाच्या फितीला लटकतो. गिऱ्हाईक विचारतं, "एवढं झिजलेलं का हो?" तेव्हा तो म्हणतो, "नाव माझ्या वडिलांचं आहे. झीज एका स्वयंपाक्याच्या लेकीची." ज्याच्या नावाने जन्मलो तो मला दिसला नाही, आणि ज्याच्या छातीवर राहिलो त्याचं नाव माझ्यावर नव्हतं. तरी दोघांच्या घरांनी मला आपलं मानलं. एवढीशी चांदी मी, हे सारं मावतं कुठे, याचं मला अजून नवल वाटतं.

तुमच्याही घरी एखाद्या डब्यात माझं भावंड पडलं असेल. त्याला घासू नका, विकायची घाई करू नका. उजेडात तिरकं धरा आणि त्याची कड वाचा. नाव ओळखीचं नसलं, तर आपल्या माणसावर संशय घेण्याआधी एकदा टाकेही बघा.