अधिकारी माणूस

या, असे जवळ सरकून बसा. सतरंजी पुरेल सगळ्यांना. देवाचं नाव घेऊन आज एक गोष्ट ऐकवायची आहे. राजाराणीची नाही. भोपाळच्या एका कारखान्याची टाउनशिप, तिथला एक साधा माणूस आणि त्याची बायको, एवढंच. पण मन लावून ऐका.

"नहीं हुआ साहब. हमारा काहे का ह्यूमन राइट्स? वो तो बड़े लोगों का रहता है," कमलिनी म्हणाली, आणि ऑफिसर्स क्लबचा हॉल खो खो हसला. तीही हसली, पदर तोंडाला लावून. आपण बरोबर बोललो म्हणून सगळे हसले, असंच तिला वाटलं.

दिल्लीच्या कुठल्याशा संस्थेचे वकीलसाहेब समोर बसले होते. त्यांनी तिला एवढंच विचारलं होतं, "आपके पति के ह्यूमन राइट्स का वायलेशन हुआ है क्या?"

झालं होतं असं. तिचा नवरा गोपीनाथ कारखान्यात ठेकेदाराकडे हेल्पर होता. स्टोअरमधलं तांब्याच्या तारेचं एक भेंडोळं दिसेना. ठेकेदाराच्या चौकीदारांनी गोपीनाथला चौकीमागच्या खोलीत एक दिवस, एक रात्र कोंडलं आणि मारलं. दुसऱ्या दिवशी तार तिथेच, दुसऱ्या रॅकमागे सापडली. "जाओ भाई, गलती हो गई," म्हणून त्याला सोडून दिलं. युनियनच्या शांतारामने दिल्लीला कळवलं, म्हणून वकील आले. पण गोपीनाथ यायला तयार होईना. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मी नाही येत. तूच जा."

कमलिनी त्याच क्लबात चहा द्यायची. किती वर्षं झाली, तिचं तिलाच आठवत नव्हतं. तिथे हे 'ह्यूमन राइट्स' रोज तिच्या कानावर पडायचं. मोठे मॅनेजर रिकामा कप पुढे करून म्हणायचे, "कमलिनी, सेकंड कप इज माय ह्यूमन राइट!" मे महिन्यात वीज गेली की तंबोला खेळणाऱ्या बायका ओरडायच्या, "बिना कूलर के? धिस इज अगेन्स्ट ह्यूमन राइट्स, यार!" रविवारची झोप, कॉफीवरचा फेस, परीक्षेच्या दिवसांत टीव्ही, सगळं त्यातच. ऐकून ऐकून तिने मनाशी अर्थ लावला होता: ह्यूमन राइट्स म्हणजे चोचले. भरल्या पोटाचे लाड. घरी गोपीनाथने अजून दोन भजी मागितली की ती म्हणायची, "आलं तुमचं ह्यूमन राइट!" आणि दोघं हसायची.

मग नवऱ्याला एवढा मार बसलेला असताना तिने परक्या माणसापुढे चोचल्यांची तक्रार करावी? लाज नाही वाटणार?

ती ट्रे घेऊन व्हरांड्यात आली, तशी मागोमाग कांचन आली. इंजिनिअर मनोहरराव कारखानीसांची बायको. मूळची पुण्याची, तोंडाची फटकळ पण मनाची मऊ. तंबोल्यात सगळ्यात मोठ्याने ओरडायची ती हीच.

"कमलिनीबाई, अहो हे काय बोलून बसलात? नाही झालं म्हणालात?"

"मग काय सांगू ताई? नवरा घरी हात शेकत बसला, अन् मी चोचले मागू का?"

"चोचले? कसले चोचले?"

"तुमीच त म्हणता. कूलर बंद पडला का."

कांचनच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "अहो, ती आमची थट्टा! ह्यूमन राइट्स म्हणजे मानवाधिकार. माणसाचे अधिकार."

"अधिकार त साधुसंतांचा असते, ताई. बुवा सांगतात ना कीर्तनात, अधिकारी पुरुष होते म्हणून. त्याले जन्मोजन्मीची पुण्याई लागते. आमचे हे काय, साधे हेल्पर."

"याला पुण्याई लागत नाही हो," कांचन म्हणाली. "माणसाच्या पोटी जन्माला आलं की झालं. कुणी मारायचं नाही, कोंडायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही. एवढंच असतं त्यात. अगदी मुळातलं."

 कमलिनीने इकडेतिकडे बघून अगदी हळू विचारलं, "अन् ताई, लघवीले जाऊ द्या म्हटलं, त जाऊ द्या लागते का? तेबी येते त्यात?"

"येतं हो, तेही येतं," कांचन म्हणाली.

गोपीनाथने घरी आल्यावर माराचं सांगितलं होतं. हे नव्हतं सांगितलं. शेजारणी नळावर यायच्या आत कमलिनीने त्याची पॅन्ट धुऊन टाकली होती, आणि दोघांमध्ये त्यावर एक शब्दही झाला नव्हता.

"इतक्या वर्षांपासून हे नाव मी ऐकते, ताई," ती म्हणाली. "पण हासल्याबिगर घेतलेलं कधी नाही ऐकलं."

बुवा सांगतात, देवाचं नाव थट्टेत घेतलं तरी तो पावतो. खरंच आहे ते. पण माणसानं ठेवलेल्या नावाला ते बळ कुठून असणार? ते थट्टेत घेत गेलं की झिजतं, आणि ज्याला खरी गरज पडते त्याच्या हाती नुसतं हसू येतं.

आता बोलावं तर नवऱ्याची झाकलेली लाज चारचौघांत उघडी पडणार. गप्प राहावं तर 'नहीं हुआ' हेच खरं ठरणार. कमलिनीने ट्रे कठड्यावर ठेवला. "चला, ताई."

वकीलसाहेब बॅग बंद करत होते. कमलिनी समोर जाऊन उभी राहिली, आणि तिची हिंदी कुठे पळाली कोण जाणे. ती मराठीतच बोलली, सगळं. वकिलांनी कांचनकडे पाहिलं. "मॅडम, क्या कह रही हैं?"

क्लबचे सेक्रेटरी घाईने म्हणाले, "छोड़िए ना, मिसेस कारखानीस. इनका हो गया है."

"नाही झालेलं," कांचन मराठीतच म्हणाली, आणि मग तिने एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं. शेवटच्या वाक्यापाशी ती अडखळली. त्या भाषेत आजवर तिने असलं काही सांगितलंच नव्हतं. पण सांगितलं. 

"ये उन्होंने खुद बताया आपको?" वकिलांनी विचारलं.

"नाही साहेब. ते काहीच बोलले नाहीत. मी पॅन्ट धुतली."

पुढे चौकशीचं काय झालं म्हणाल, तर दोन चौकीदार बदलले. ठेकेदार तोच राहिला. गोपीनाथला कळलं तेव्हा तो बायकोशी बरेच दिवस बोलला नाही. मग एकदा जेवताना म्हणाला, "त्या बाईनं इंग्रजीत नीट सांगितलं का?" कमलिनी म्हणाली, "नीट सांगितलं." त्याने मान हलवली आणि पुढचा घास घेतला.

टाउनशिपच्या मराठी मंडळात आजही बुवांचं कीर्तन असतं. कधी तिकडे गेलात तर दारापाशी, अगदी उंबऱ्याला लागून बसलेला एक माणूस दिसेल. पुढे जागा असली तरी तो पुढे येत नाही. वाटेल तेव्हा उठतो, बाहेर जातो, परत येऊन बसतो. कुणाला विचारत नाही. त्याला पुढे बोलावू नका. बुवांच्या पायावर डोकं ठेवून परतताना त्यालाही एक नमस्कार करा, आणि मोठ्या अधिकाराची माणसं आठवाल तेव्हा त्यांच्यात आमच्या गोपीनाथाला विसरू नका.