त्याचीच बाटली

मी अकोटात तिखाडीचं तेल विकते. माळावरचं हे गवत भट्टीत उकळलं की उग्र वासाचं तेल निघते. जखमेले लावलं तर जखम पिकत नाई. माह्या देवरानं, शाकीबनं, त्यात अर्धं पामतेल घातलं अन् माह्या नावाची चिठ्ठी लावून चांदूर बाजारात खपवलं. लोकायच्या बैलायच्या जखमा चिघळल्या, शिव्या मले बसल्या.

परवा तोच आपला बैल घेऊन दुकानापुढं उभा. जू घासून बैलाचा खांदा सोलपटून सडला होता.

"भाभी, थोडं तेल द्या."

दुकानात गिऱ्हाईकं होती. लोकायनं परत आणलेली त्याचीच एक बाटली मी पुढं केली.

"हे नको."

"काहून? माह्याच नावाचं हाय ना?"

तो पुटपुटला, "याच्यात पामतेल हाय."

"कोनं टाकलं? जोरात बोल."

"मी टाकलं."

मी चांगलं तेल बैलाच्या खांद्याले लावलं अन् त्याले माह्या खुंट्याले बांधलं.

"याचा काई गुन्हा नाई, हा इथं बरा होईन. तू चांदूरच्या भर बाजारात हेच बोलून ये, मंग ने. तोवर जू तुह्या खांद्यावर घे."