डॅशबोर्डमागची झडप

मी झडप बोलतेय. दाराची नव्हे हो, गाडीच्या एसीची. डॅशबोर्डच्या मागे, कागदपत्रांच्या कप्प्यापलीकडे माझा मुक्काम. मी एका बाजूला वळले की एसी गाडीतलीच हवा पुन्हा गार करतो, दुसऱ्या बाजूला वळले की बाहेरची आत ओढतो. एवढंच माझं काम. तळहाताएवढ्या प्लॅस्टिकला कोण विचारतो?

गाडी पिनांग बेटावरची, मालक खू अंकल. वय चौऱ्याहत्तर, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, शुगर वाढलेली. डॉक्टरांनी डुरियन, म्हणजे इथलं फणसासारखं काटेरी, गोड फळ, साफ बंद केलं होतं, आणि डॉक्टरांपेक्षा कडक पहारा मुलीचा, स्यू इमचा. ती शाळेत मुख्याध्यापिका. घरीही तीच.

पण अंकल कसले ऐकतात! सीझन सुरू झाला की दर शनिवारी गाडी काढायची आणि डोंगरापलीकडे डुरियनच्या ठेल्यांचं बालिक पुलाऊ गाव गाठायचं. ठेल्यावर बसून खायची सोय नव्हती, कारण अर्धं बेट स्यू इमच्या हाताखाली शिकलेलं. म्हणून गाडीतच काचा लावून, डोळे मिटून खायचे. सगळ्या आठवड्यात मी त्यांना तेवढ्याच वेळी सुखात पाहिलं.

आता डुरियनचा वास म्हणजे फणसाच्या दसपट, आणि गाडीत शिरला की भाडेकरूसारखा ठाण मांडून बसतो. अंकलनी वास मारायला सीटखाली सुवासिक पंदानच्या पानांची जुडी ठेवली. रविवारी स्यू इम बसली, सवयीने आतल्या हवेचं बटण दाबलं आणि नाक मुरडलं.

"पा, कसला हा वास?"

"गटार तुंबलं असेल कुठे."

दुसऱ्याच दिवशी अंकलनी कप्पा काढला आणि माझ्या बिजागरीत अर्धी चॉपस्टिक ठोकली. झालं! मी कायमची बाहेरच्या बाजूला उघडी. बटण दाबलं की दिवा लागायचा, मोटर कुरकुरायची, मी ढिम्म. आतला वास बाहेर जायचा हे खरं, पण भर दुपारची दमट, रटरटती हवाही थेट आत यायची. बिचाऱ्या एसीने करावं तरी काय? तो गरम फुंकर घालत राहिला.

मग सुरू झाली मेकॅनिकांची वारी. पहिला म्हणाला, गॅस संपलाय. भरला. दुसऱ्याने कॉम्प्रेसर बदलला. तिसऱ्याने पुढची जाळी धुतली आणि वर पुन्हा गॅस भरला. कप्पा उघडायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही. आणि अंकल? हात मागे बांधून मान डोलवायचे, "हो हो, गॅसच असणार." इतका साळसूद चेहरा मी आयुष्यात पाहिला नाही. मला राग यायचा आणि मेली कीवही यायची.

तीन वर्षं अशी गेल्यावर स्यू इमचा धीर सुटला. "पा, या भट्टीत तुम्ही एक दिवस चक्कर येऊन पडाल. सेल्वम मेकॅनिकला शेवटचं दाखवू. नाही जमलं तर गाडी विकून टाकायची. बास."

अंकलचा चेहरा पडला. गाडी गेली की शनिवार गेला.

सेल्वम तमिळ, हाताने हुशार, तोंडाने त्याहून. "गॅस ठासून भरलाय, कॉम्प्रेसर नवाकोरा. कुठल्या शहाण्याने बदलला? थांबा, कप्पा काढतो."

"कप्पा नको! कागद आहेत माझे!"

"मग धरा की हातात."

त्याची बोटं माझ्यापर्यंत आली. चॉपस्टिक बाहेर निघाली. त्याने ती हुंगली आणि अंकलकडे पाहिलं. स्यू इम रस्त्यावर फोनवर बोलत होती.

"ठेव परत," अंकल पुटपुटले.

"ठेवतो. पण मग गाडी विकतील, अंकल."

अंकलनी हातातले कागद छातीशी धरले. मग म्हणाले, "काढ बाबा, काढ."

एसी असा गार झाला की विचारू नका. स्यू इम खुशीत चाक धरून बसली, काचा वर केल्या, बटण दाबलं. तीन वर्षांनी मी पहिल्यांदा आतल्या हवेच्या बाजूला मिटले, आणि सीटमध्ये, गालिच्यात मुरलेले तीन सीझन एकदम वर आले.

सिग्नलला गाडी थांबली तशी स्यू इम अंकलकडे वळली.

"किती दिवस चाललंय हे?"

"तीन वर्षं."

"आणि शुगर?"

"तिला सांगितलं नाही मी."

ती हसली नाही. तिचे डोळे भरून आले. "आई गेली, आता तुम्हीही जायचं ठरवलंय का? मी काय करू मग?" घरी आल्यावर तिने किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

तर गाडी वाचली, एसी दुरुस्त झाला, आणि अंकल आता शेजारच्या सीटवर स्वेटर घालून बसतात. शनिवारी ती त्यांना डोंगरापलीकडे चक्कर मारून आणते, थांबत मात्र नाही. ठेले दिसू लागले की अंकल हळूच बटण दाबतात. मी उघडते. वास भसकन आत येतो. "गरम होतंय," स्यू इम म्हणते, नजर रस्त्यावर. पण शेवटचा ठेला मागे पडेपर्यंत ती बटणाला हात लावत नाही.

तुमचाही एसी गरम हवा फेकत असेल, तर गॅस भरायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा प्रेमाने विचारा. जास्त बोलत नाही, वळण आलं. अंकलचं बोट बटणावर गेलंय. येते मी, उघडायला हवं.