जाडे आजोबा

सोखोमने मूर्तीभोवती एक फेरी घातली, आणि नाक मुरडलं.

"हे आपले आजोबा नव्हेत. आपले कसे चांगले जाडजूड होते!"

"आई, हळू बोल," विचेत म्हणाला. पॅरिसच्या त्या आशियाई कलेच्या संग्रहालयात रविवारची गर्दी होती.

म्हातारी कंबोडियाहून लेकाकडे आली होती, पण तिचा खरा जीव अडकला होता आजोबांत. विचेत तान्हा असताना तापाने फणफणला, तेव्हा तिने गावच्या राखणदार देवाला, सगळे ज्याला आजोबा म्हणत त्याला, नवस बोलला होता, पोर वाचू दे, तुमच्या पुढ्यात आणून उभं करीन. पोर वाचलं. नवस फेडायच्या आत लढाई आली, गाव पांगलं, आणि परत येऊन बघतात तर चौथरा रिकामा. कुणीसं म्हणालं, असल्या मूर्ती पॅरिसला आहेत. तेव्हापासून तिच्या जिवाला घोर होता. नवस अंगावर ठेवून मरायचं कसं?

"तुम्ही सगळे दर नव्या वर्षाला आजोबांना वस्त्र नेसवायचात ना? आणि जुनं?" विचेतने विचारलं.

"जुनं काय? देवाच्या अंगावरचं कोण ओढून काढेल, मेल्या? त्याच्यावरच नवं."

विचेतला हसू आवरेना. "म्हणजे आजोबा जाडे नव्हतेच. कपड्यांचा ढीग होता तो!"

सोखोम बघतच राहिली. मग तीही तोंडावर हात ठेवून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"अगं बाई! म्हणजे मी त्यांना कधी पाहिलंच नाही. आता ओळखू कशी रे?"

विचेतने घाईघाईने खालची पाटी वाचली. "हे तर तुझ्या जन्माआधीच इथे आलेत, आई. आपले नाहीत हे." बोलून गेल्यावर त्याला वाईट वाटलं.

चपला काढून, पाय एका बाजूला दुमडून ती तिथेच फरशीवर बसली आणि तिने त्याची बाही ओढली. विचेतने इकडेतिकडे पाहिलं, कोट सावरला, आणि तोही तिच्याशेजारी टेकला.

"आजोबा, हा बघा तो. तापातून उठवलात ना, तोच. टक्कल पडलंय, पण तोच आहे."

"अगं, पण हे ते नव्हेत ना."

"नसू देत." तिने हात जोडले. "एका मुलखाची माणसं, परदेशात राहतात. एकमेकांची ओळख असेलच की. देतील निरोप."