आधी आलेलं उत्तर

सुरक्षेची तपासणी म्हणून तिने लॅपटॉपवरून एक खोटं उत्तर सोडलं आणि इस्पितळाच्या नावांच्या सर्व्हरने ते निमूटपणे गिळलं. ‘प्रयोगशाळा कुठे आहे?’ असं विचारलं की तो आता खऱ्या यंत्राऐवजी तिच्याच लॅपटॉपकडे बोट दाखवू लागला.

“म्हणजे रुग्णांचे रिपोर्ट कुणाच्याही घशात जाऊ शकतात?” इस्पितळाच्या साहेबांनी घाम पुसत विचारलं.

“जाऊ शकतात. नाव सांगितलं की पत्ता द्यायचा, एवढंच याचं काम. पण स्वारी भलतीच भोळी आहे. जो आधी उत्तर देईल तो खरा. खरं उत्तर मागाहून आलं तर त्याची दारातूनच बोळवण.”

“उपाय?”

“प्रत्येक प्रश्नाबरोबर एक गुपित खूण पाठवायची. उत्तरात तीच खूण आली, तरच मानायचं.”

फोन वाजला. आईचा होता.

“अगं, दादा आला आपला!”

“एवढ्या लवकर? अर्ध्या-पाऊण तासाने येणार होता ना? दे त्याला.”

“हातपाय धुतोय. चहा टाकते, तूही लवकर ये.”

तिला हसू फुटलं. आठ वर्षांनी भाऊ परदेशातून येत होता. आईने ती बातमी दूधवाल्यापासून शिंप्यापर्यंत साऱ्यांना सांगून टाकली होती. डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला, पण उत्साह असा की घरात पाय ठरत नव्हता.

ती पुन्हा कामाला लागली. दुरुस्ती चढवली. सर्व्हर बंद करून परत सुरू करण्यापूर्वी पडद्यावर प्रश्न आला: खात्री आहे का?

तिचं बोट तिथेच थांबलं. सगळ्या आळीला माहीत होतं, तो आज येणार म्हणून. आणि आईला धड दिसत नव्हतं.

तिने घरी फोन लावला.

“आई, दादाला विचार, लहानपणी तो मला काय म्हणायचा?”

“हे काय खूळ?”

“विचार गं!”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. आईच्या सपाता घासत गेल्या. मग लांबून दाराची घंटा वाजली, कडी निघाली, कुणीतरी बोललं. साहेब काहीतरी विचारत होते. तिने हात वर करून त्यांना गप्प केलं.

“सुतळी म्हणतो!” आई हसत परतली.

हे नाव घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

“दे ना त्याला फोन.”

“कसा देऊ? तो दारातच उभा आहे, सामान घेऊन. आत्ताच आला.” आईचा आवाज हळू झाला. “आतल्यालाही विचारलं मी. तो नुसताच हसतोय, बाई.”

तिने खुर्ची मागे सारली.

“आई, दारातला आपला आहे. त्याला आत घे. आणि फोन ठेवू नकोस.”