कच्ची भिंत

आमच्या शाळेची भिंत पडली ती माझ्या हौसेपायी. हे मी आजवर एकदाच तोंडानं कबूल केलं, आणि तेव्हा त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

पंचावन्न सालची गोष्ट. गिरडजवळच्या एका खेड्यात मी मास्तर होतो. शाळा मातीची, गावच्या तानबानं बांधलेली. तीस वर्षांत तिला तडा गेला नव्हता. दर उन्हाळ्यात तानबा यायचा, भिंतीच्या बुडाशी तळहात लावून ओल बघायचा आणि शेणमातीनं लिंपून जायचा. मला त्या शेणमातीची लाज वाटायची. साहेब तपासणीला येणार म्हणून मी तालुक्याला खेटे घालून सिमेंटची पोती मिळवली.

"गुरुजी, मातीच्या भितीले सिमिट नोका चोपडू," तानबा म्हणाला. "आंदर गेलेलं पानी बाहेर निंगाले वाट राह्यत नाई."

"तुझं शहाणपण तुझ्यापाशी ठेव," मी म्हणालो. शिकलेला गाढव म्हणतात तो हाच!

गिलावा झाला. शाळा गुळगुळीत दिसू लागली, साहेब खूश झाले. पावसाळ्यात त्या गिलाव्याआड भिंतीचा चिखल झाला आणि श्रावणातल्या एका रविवारी ती बसली. सुट्टी होती म्हणून पोरं वाचली.

चौकशीला ओव्हरसियर आला. 'मातीची भिंत मुळात कच्ची, बांधणी सदोष,' असं लिहून त्यानं कागद माझ्यापुढे सरकवला. सिमेंटचं नाव कुठंच नव्हतं. नोकरी जाईल या भीतीनं मी मुकाट्यानं सही ठोकली.

आठ दिवसांनी तानबा अंगणात येऊन उकिडवा बसला. "कागदावर काय लिवलं, वाचून सांगा."

खरं बोलायची हिंमत नव्हती, म्हणून मी नक्कल काढून वाचली.

त्यानं आपले तळहात उलटून बघितले. "म्हंजे माह्याच हाताची चूक," म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी कळलं, तानबा स्वतःचं घर पाडतोय. त्याच हातानं, त्याच मातीनं बांधलेलं. बायको मनकर्णाबाईनं भांडीकुंडी गोठ्यात हलवली होती. सब्बलीचे घाव शाळेपर्यंत ऐकू यायचे. पण भिंत काही दाद देईना. तीन दिवस मी ते घाव ऐकत पोरांना पाढे शिकवले. लाज कशी वाटली नाही मला!

चौथ्या दिवशी राहवलं नाही. भिंत अजून कमरेइतकी उभी होती, तानबाच्या हातांना फोड आले होते.

"थांब, तानबा! तुझी भिंत चांगली होती. माझ्या सिमेंटनं पडली. तो कागद खोटा आहे."

त्यानं घाम पुसला. "त्याच्यावर सई तुमचीच हाय ना?"

"हो."

"मंग तुमी खोटं काऊन लिवसान?" त्यानं पुन्हा सब्बल उचलली. "नातीन माही याच भितीपाशी निजे, गुरुजी. सरका तुमी. कच्ची हाय, आंगावर येईन."