पोतारलेलं गाव

उकंडाच्या तोंडात नळी होती म्हणून बरं, नाहीतर त्याने विमलताईंना तिथल्या तिथे सुनावलं असतं. सकाळचे सव्वासहा वाजले होते. एका घराच्या मागच्या खोलीत तो भिंतीला नाक लावून उभा होता. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात काचेची नळी, आणि दारात गावच्या आशा कार्यकर्त्या विमलताई स्वतःचं कौतुक सांगत होत्या.

"पाह्यलं का भाऊ, कसं चकाचक केलं? पुण्याच्या डॉक्टरीणबाई येऊन राह्यल्या हे समजलं अन् मी घरोघरी फिरलो. म्हटलं, बायाहो, गावाच्या इज्जतीचा सवाल आहे. दोन दिवसांत सारं गाव पोतारून काढलं. एक भेग ठेवली नाही."

उकंडाने नळी तोंडातून काढली. भिंत पांढऱ्या मातीने पोतारलेली, खाली शेणाचा पट्टा, आणि ओल अजून पुरती गेलेली नव्हती. त्याने बोट फिरवलं तर बोट पांढरं झालं. माशी सोडाच, मुंगीलासुद्धा शिरायला जागा नव्हती.

"लय झाक केलं ताई," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? बाईने गावाच्या भल्यासाठीच केलं होतं. भेगा बुजवा असं सरकारी पत्रकातच लिहिलेलं असतं. फक्त भेगा बुजवायच्या आधी त्यात कोण राहतं ते पाहायचं असतं, हे त्या पत्रकात कोणी लिहिलं नव्हतं.

त्यात राहते ती वाळूमाशी. डासाच्या पाव आकाराची, मातीच्या भिंतीच्या भेगेत दिवसभर दडणारी आणि रात्री निजलेल्या माणसाला चावणारी. पावसाळ्यात हीच माशी लहान मुलांपर्यंत मेंदूज्वर पोचवते. सकाळी अंगणात खेळणाऱ्या मुलाला दुपारी ताप चढतो, संध्याकाळी झटके येतात, आणि पुष्कळदा ते दुसरी सकाळ पाहत नाही. केळापूर तालुक्यातल्या या सावरखिंडीत पाच दिवसांपूर्वी सहा वर्षांचा नयन असाच गेला होता.

उकंडा सरकारी कागदावर 'कीटक समाहारक' होता. गावोगावचे लोक त्याला माशीवाले भाऊ म्हणत आणि ऑफिसातली पोरं मच्छरसाहेब. एकतीस वर्षं झाली, दिवस उगवायच्या सुमाराला लोकांच्या घरात शिरायचं, भिंती धुंडाळायच्या आणि नळीतून स्वतःच्या श्वासाने माशी ओढून घ्यायची. श्वास जोरात ओढला तर माशीचे पंख मोडतात, हळू ओढला तर ती हातची जाते. मधल्या मापाचा श्वास सरकार शिकवत नाही. त्या श्वासापायी उकंडाने जन्मात तंबाखू तोंडात घातली नाही. यवतमाळ जिल्ह्यात खर्रा न खाणारा सरकारी माणूस पाहायचा असेल तर त्याच्याकडेच यावं लागे, आणि या गोष्टीचा त्याला बऱ्यापैकी गर्व होता.

गर्व करावा असं आणखीही होतं. मुलांच्या तापावर काम करणारे तीन संशोधक त्याच्या हाताखालून गेले होते. पहिला तर असा होता की पाल दिसली की टॉर्च टाकून बाहेर पळायचा. तो आज दिल्लीत मोठ्या खुर्चीवर बसतो. दुसरी परदेशात असते आणि दिवाळीला लेकरांचे फोटो पाठवते. तिसऱ्याने तर वाळूमाशीवर जाडजूड पुस्तक लिहिलं. उकंडाला त्यांचा हेवा नव्हता. माशी कुठे बसते हे त्यांना आपण शिकवलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. येत्या ऑक्टोबरात तो निवृत्त होणार होता आणि त्याची जागा भरायची नाही असं वर ठरलं होतं. त्यामुळे डॉ. अर्पिता ही त्याची चौथी आणि शेवटची.

ती अंगणात उभी होती. पस्तिशीची, केस घट्ट बांधलेले, बुटांना चिखल. रात्रभर तिने गावात सहा ठिकाणी दिव्याचे सापळे टांगले होते आणि आता ती ते एकेक उघडून पाहत होती.

"माझ्या सापळ्यांत काहीच नाही, उकंडाकाका. तुमचं?"

"दहा घरं झाली. एक नाही."

"म्हणजे शून्य." तिने कपाळावरचा घाम पुसला. "आरोग्य अधिकारी साहेबांचा फोन आला होता. फवारणीचं पथक तालुक्यात एकच आहे. माशी असेल तर आज इकडे, नसेल तर ते खालच्या गावांना निघणार. मग आपला नंबर पंधरा दिवसांनी. बाराच्या आत कळवा म्हणाले."

सावरखिंडीत पंधरा वर्षांच्या आतली त्र्याहत्तर मुलं होती. पंधरा दिवस म्हणजे पंधरा रात्री. हा हिशेब दोघांनीही मनात केला.

"गोठे पाहिलेत?"

"पाह्यले. गोठ्यात रातभर धूर करतात, ढोरांसाठी. तिथं थांबत नाही ते."

"मग मला शून्य लिहावं लागेल. जे दिसलं तेच लिहायचं, तुम्हीच सांगता ना?"

"लिहा ना मॅडम. पण हे शून्य माशीचं नाही, पोताऱ्याचं आहे." उकंडा नळी रुमालाने पुसत होता. "परवापर्यंत या गावात माशी होती. तिचं घर बुजवलं तर ते मरत नाही, घर बदलते. आता सांगा, साऱ्या गावात पोतारलं नाही असं घर कोणतं?"

उत्तर अर्पितालाही सुचलं होतं.

"नयनचं," ती म्हणाली.

त्या घरात पोतारा घ्यायला कोणाचे हात उठले नव्हते. आणि आदल्या संध्याकाळी अर्पिता तिथे गेली तेव्हा नयनच्या आजीने, तुळसाबाईंनी, तिला ओट्यावरूनच परत पाठवलं होतं.

दोघं निघाले. वाटेत उकंडाने बरेच दिवस मनात असलेलं विचारून घेतलं.

"तुम्ही तर लेकरांच्या डॉक्टर. चांगला दवाखाना सोडून माशीच्या मागं काहून लागल्या?"

"वॉर्डात मुलं यायची तेव्हा झटके सुरू झालेले असायचे," ती म्हणाली. "आम्ही रात्रभर झुंजायचो आणि सकाळी बाहेर जाऊन आईला सांगायचो. तेवीस आयांना सांगितलं मी. मग ठरवलं, मूल वॉर्डात पोचायच्या आधी काय होतं तिथे जाऊन काम करायचं. सगळे म्हणाले, करिअरची माती केलीस."

"मातीतच तर हाय सारं," उकंडा म्हणाला. अर्पिताला हसू आलं. पण समोर ते घर दिसलं आणि दोघंही गंभीर झाले.

तुळसाबाई ओट्यावर उंबऱ्याला पाय लावून बसल्या होत्या. सत्तरीच्या, काटक, डोळे कोरडे.

"काल सांगतलं ना जी," त्या अर्पिताकडे न पाहता म्हणाल्या. "आता आमच्या घरात पाहासारखं काय राह्यलं?" मग आवाज चढवून, आत ऐकू जाईल असं बोलल्या, "पोट्ट्याले वावरात नेलं. निंबाखाली निजवलं तिन्हीसांजेचं. किती डाव सांगतलं होतं, त्या झाडाखाली निजवू नको. बाहेरचं लागलं अन् घेऊन गेलं. आता भिंती पाहून काय होते?"

आत अंधारात नयनची आई, दीपा, गुडघ्यांत मान घालून बसली होती. पाच दिवस ती हेच ऐकत होती.

अर्पिता समजावायला पुढे झाली. उकंडाने तिला हातानेच थांबवलं आणि तो ओट्याच्या खालच्या पायरीवर बसला. पिशवी बाजूला ठेवली. सोयाबीनचं, पावसाचं काही बोलला नाही, की सरकारचं नाव काढलं नाही. नुसता बसला. म्हाताऱ्या माणसासमोर कसं बसायचं हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

बऱ्याच वेळाने तुळसाबाईंनीच विचारलं, "नाव काय जी तुमचं?"

"उकंडा."

म्हातारीने मान वळवून त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"आधी किती गेलते?"

"दोन. एक चार वर्षांचा, एक दीडाचा. एकाच पावसाळ्यात. तापानं."

अर्पिताला यातलं काही समजलं नाही. पण तुळसाबाईंच्या पिढीला सांगावं लागत नाही. ज्या बाईची लेकरं जगत नसत, ती नवं लेकरू जन्मलं की उकंड्यावर, म्हणजे शेणकचऱ्याच्या ढिगावर, नेऊन ठेवायची. देवा, हा कचरा आहे, हा नेऊ नको, असं म्हणायची आणि मग ते पदरात उचलून घरी आणायची. त्या लेकराला नावही तेच द्यायची. वऱ्हाडात उकंडा नावाच्या प्रत्येक माणसाआधी कोणीतरी गेलेलं असतं.

"मायनं लय भोगलं असन," तुळसाबाई म्हणाल्या.

"लेकरं गेली त्याचं तर भोगलंच," उकंडा म्हणाला. "पण त्याच्याहून लोकाईचं बोलणं. पांढऱ्या पायाची आहे, लेकरं खाते, असं म्हणत. माही आजी बी म्हणे. माय मरेपर्यंत ऐकत राह्यली. कायच्या तापानं गेले, ते तिले कोणी कधी सांगतलं नाही. सांगणारं कोणी नव्हतंच तवा. आता आहे." त्याने अर्पिताकडे बोट केलं. "ह्या बाई त्याच्यासाठीच आल्या."

तुळसाबाईंनी उंबऱ्यावरचे पाय काढून घेतले.

खोलीत एकच खिडकी होती आणि तीही बंद. भिंत जुनी, मातीची, वरपासून खालपर्यंत तडकलेली. उकंडाने टॉर्च लावला, नळी ओठांत धरली आणि एका भेगेसमोर श्वास रोखून थांबला. मग त्याने तो ओढला. मधल्या मापाचा. नळीत काहीतरी फिकट हललं. त्याने ते परीक्षानळीत सोडून वर कापसाचा बोळा लावला. पंख वर उभारून बसलेली, केसाळ, तिळाएवढी माशी.

"आहे," तो म्हणाला. एवढा एक शब्द म्हणताना त्याला बरं वाटलं, आणि या घरात बरं वाटलं म्हणून लगेच वाईटही वाटलं.

दीपा उठून जवळ आली होती. "काय आहे?"

उकंडाने परीक्षानळी तिच्या हातात दिली. तिने ती उजेडात धरली आणि खूप वेळ पाहिली.

"एवढंसं?"

"एवढंसंच."

"मी बाजूलेच निजलो होतो. हे चावलं तर मले काहून नाही समजलं?"

"हिचा आवाज नसते, माय. डास कानापाशी गुणगुणते, हे मुकी आहे. तू टक्क जागी असती तरी तुले ऐकू आलं नसतं."

दीपाने अर्पिताकडे पाहिलं. "वावरात नेलं म्हणून झालं काय, बाई?"

"नाही," अर्पिता म्हणाली. ती हळू बोलणारी बाई होती, पण हा शब्द तिने ओट्यापर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हटला. "ही माशी घरात चावते, रात्री, झोपेत. हिच्याच अंगात मेंदूज्वराचा विषाणू होता का, ते प्रयोगशाळेत तपासून मी तुम्हाला सांगेन. स्वतः येऊन सांगेन. पण नयनचे दवाखान्यातले सगळे कागद मी वाचलेत. शेताचा, झाडाचा आणि तुमचा त्यात काही संबंध नाही."

दीपा रडली नाही. तिने उकंडाच्या हातातला टॉर्च मागून घेतला. "तुमचे दोन्ही हात मोकळे राहू द्या," ती म्हणाली आणि पुढच्या भेगेवर उजेड धरला.

अर्ध्या तासात एकोणीस माशा मिळाल्या. अर्पिताने अंगणात जाऊन साहेबांना फोन लावला. उकंडाला आतून ऐकू येत होतं.

"एका घरात एकोणीस, साहेब. हो, बाकी घरांत शून्य, कारण ती कालपरवा पोतारली आहेत आणि माशी सगळी इकडे सरकली आहे. पोतारा वाळून तडकला की ती परत घरोघरी जाईल. नाही, पंधरा दिवसांनी नाही. आजच. गोठ्यांसकट सगळं गाव फवारावं लागेल." मग थोडा वेळ नुसतं हं, हं. मग, "दोन वाजता? चालेल. मी इथेच आहे."

बरोबर बोलले का, असं विचारायला ती आत आली नाही. फोन ठेवून तिने सरळ विमलताईंना हाक मारली आणि कोणत्या घरातली भांडी, धान्य, पाळणे आधी बाहेर काढायचे ते सांगायला लागली. उकंडाने मनात म्हटलं, झालं, ही तयार झाली. आपण ऑक्टोबरात खुशाल घरी जावं.

पण काम संपलं नव्हतं. प्रयोगशाळेला निदान पन्नास माशा लागणार होत्या, आणि फवारणीच्या आधीच त्या पकडायला हव्या होत्या. दीपा आता दुसऱ्या हाताने मनगट धरून उजेड सरळ ठेवत होती.

तुळसाबाई ओट्यावरून उठून आत आल्या. सुनेच्या मागे थोडा वेळ उभ्या राहिल्या.

"दे इकडं," त्या म्हणाल्या.

दीपाने मागे वळून पाहिलं.

"दे म्हणतो ना. बस तू. पाच दिवस झाले, पोटात दाणा नाही तुह्या. चुलीवर पेज ठेवली आहे, ते घे आधी." त्यांनी टॉर्च काढून घेतला आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवून तिला खाली बसवलं. तो हात त्यांनी लगेच काढला नाही.

मग त्या उकंडाकडे वळल्या. टॉर्चचा उजेड भिंतीवरून खाली सरकला, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या लहान वाकळेच्या वर, जमिनीपासून हातभर उंचीवर थांबला.

"इथं पाहा, भाऊ," तुळसाबाई म्हणाल्या. "निजताना त्याचं डोकं ह्या आंगानं राहे."

उकंडा गुडघ्यांवर बसला आणि त्याने नळी तोंडात धरली.